टोन्ड कागदावर ग्वाश: स्केचबुकवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

राखाडी, मातकट किंवा निळसर पानांचं, म्हणजे टोन्ड कागदाचं स्केचबुक हाती आलं की पहिली दोन-तीन पानं मजेत जातात आणि मग अडायला लागतं. पांढरा बसत नाही, रंग मळतो, कागद फुगतो. या अडचणींवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे घेतले आहेत. उत्तरं देताना एक आग्रह मात्र सगळीकडे डोकावेल: टोन्ड कागदाचा रंग हा तुमच्या पॅलेटवरचाच एक रंग आहे. चित्रात तो कशाची जागा घेणार, हे ब्रश ओला करण्याआधी ठरवा.

ग्वाश म्हणजे आपले पोस्टर कलरच ना?

जवळचे आहेत, पण एक नव्हेत. दोन्ही पाण्यात कालवायचे, दोन्ही अपारदर्शक, दोन्ही वाळल्यावर मॅट, म्हणजे चकाकी नसलेले. ग्वाशमध्ये जलरंगांसारखाच अरबी डिंक असतो, रंगद्रव्याचं प्रमाण मात्र जास्त. खालचं झाकण्याची ताकद वाढावी म्हणून काही उत्पादक त्यात खडूची बारीक पूडही घालतात. पोस्टर कलरमध्ये भरणा जास्त आणि रंगद्रव्य कमी, त्यामुळे वाळलेल्या रंगावरून बोट फिरवलं तर कधी कधी पूड बोटाला लागते. सरावाला ते चालतात. खरं सांगायचं तर टोन्ड कागद म्हणजे काय हे समजून घ्यायला पोस्टर कलरची एक काळी आणि एक पांढरी बाटली पुरे आहे. जी पानं जपून ठेवायची आहेत, त्यांसाठी मात्र ग्वाश घ्या.

माझ्याकडे साधे जलरंग आहेत. ते टोन्ड कागदावर का चालत नाहीत?

चालतात, पण एकाच दिशेने. पारदर्शक रंगाची चमक ही कागदावरून परत फिरणाऱ्या उजेडाची असते. पांढरा कागद बराचसा उजेड परत देतो, राखाडी कागद त्यातला पुष्कळसा गिळतो. म्हणून जलरंगाने टोन्ड कागद फक्त गडद करता येतो, उजळ करता येत नाही. पिवळ्याचा पातळ, पाणीदार थर (वॉश) राखाडी पानावर घालून बघा: पिवळा दिसण्याऐवजी मळकट, हिरवट दिसेल.

यातून एक सोयीची विभागणी निघते. कागदापेक्षा गडद असलेलं सगळं पातळ रंगात, कागदापेक्षा उजळ असलेलं सगळं घट्ट ग्वाशमध्ये. घरातले जलरंग पहिल्या कामाला लावा आणि ग्वाशची फक्त पांढरी ट्यूब आणा. जलरंगात पांढरा ग्वाश मिसळला की तोही अपारदर्शक होतो. दोन्हींत डिंक एकच, त्यामुळे एकमेकांशी भांडण नाही.

कोणत्या रंगाचा कागद घ्यावा?

पहिलं स्केचबुक असेल तर मध्यम राखाडी. राखाडी कुठल्याच रंगाची बाजू घेत नाही आणि छायाप्रकाशाचा हिशेब त्यावर सरळ दिसतो. मातकट किंवा तपकिरी कागद त्वचा, माती, लाकूड, जुन्या भिंती यांना आयता मिडटोन, म्हणजे मधली छटा देतो. झाडीच्या हिरव्यामागून डोकावला तर हिरवा जिवंत वाटतो. निळसर कागद संध्याकाळचा उजेड आणि दिव्याखालची दृश्यं यांच्यासाठी फार चांगला, कारण सावल्या आधीच थंड असतात आणि तुम्ही फक्त उबदार उजेड ठेवत जाता.

राखाडीबद्दल एक गंमत आहे. राखाडी पानावर नारिंगी रंगाचा एक ठळक पॅच द्या आणि शेजारचा कोरा कागद पाहा, तो निळसर वाटायला लागतो. पॅरिसच्या गोब्लँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणाऱ्या शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हे नीट मांडलं. काळ्या धाग्याचा रंग पुरेसा काळा दिसत नाही अशा तक्रारी तिथे येत होत्या. दोष रंगात नसून शेजारच्या रंगांत आहे, हे त्याच्या लक्षात आलं आणि १८३९ मध्ये त्यावर त्याचा ग्रंथ आला. आपल्या कामापुरता अर्थ असा, की राखाडी कागदावर थोडेसे उबदार रंग वापरलेत तर थंड रंग फुकटात मिळतात. उघड्या राहिलेल्या कागदावर निळा फासायची गरज पडत नाही.

काळा कागद हा वेगळाच प्रकार आहे. तिथे मध्यम छटा कागदाकडून मिळत नाही, फक्त काळोख मिळतो. रात्रीची दृश्यं काढायची असतील तरच घ्या.

कागद किती जाड हवा?

कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनात सांगतात. १५० जीएसएमच्या खाली गेलात तर कागद फुगणार हे धरून चला. टोन्ड स्केचबुकं मुळात पेन्सिल, चारकोल यांसाठी बनवलेली असतात, त्यातली बरीच १२० जीएसएमच्या आसपासची. त्यावर ग्वाश चालतो, पण मोठे ओले वॉश नाहीत. रंग घट्ट ठेवा, पाणी आखडून वापरा, पानाच्या कडांना क्लिप लावा. मिक्स्ड मीडियासाठीची, म्हणजे वेगवेगळी माध्यमं एकत्र वापरण्यासाठीची, ३०० जीएसएमची टोन्ड पानंही मिळतात, ती बहुतेक सगळं सोसतात.

फुगलेलं पान सरळ करायचं असेल तर रंग पूर्ण वाळू द्या, मागची बाजू स्पंजने जेमतेम ओलसर करा, दोन्हीकडे कोरा कागद ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. मागेही चित्र असेल तर हा उपाय नाही.

पांढऱ्या स्केचबुकालाच टोन दिला तर?

उत्तम. उलट मनासारखी छटा मिळते. फक्त तो टोन ग्वाशने किंवा जलरंगाने देऊ नका, कारण वर काम करताना तो उठून येतो आणि सगळे रंग गढूळ करतो. अॅक्रिलिक पाण्यात पातळ करून रुंद ब्रशने एक हात द्या. वाळल्यावर ते पाण्याला दाद देत नाही. मात्र जाड थर नको. अॅक्रिलिकचा थर गुळगुळीत झाला की त्यावर ग्वाश धरत नाही, थेंब थेंब होऊन गोळा होतो. पाच-सहा पानं एकदम रंगवून ठेवली की बाहेर काम करताना वेळ जात नाही. ब्रशचे आडवेतिडवे फटकारे दिसले तर दिसू द्या, सपाट छापील टोनपेक्षा ते जास्त देखणे दिसतात असं माझं मत.

किती रंग घ्यायचे?

कमी. पांढरा मोठ्या ट्यूबमध्ये, मग यलो ऑकर (मातकट पिवळा), एक उजळ पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). वेगळा काळा नसला तरी चालतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून येणारा गडद रंग काळ्यापेक्षा चांगला, कारण तो हवा तसा थंड किंवा उबदार करता येतो. सातवा रंग म्हणजे कागद.

आणि ब्रश?

सिंथेटिक केसांचे. अर्ध्या इंचाचा एक फ्लॅट (चपटा), सहा नंबरचा एक राउंड (गोल, टोकदार) आणि बारीक कामाला एखादा छोटा. सेबल या प्राण्याच्या केसांचे महागडे ब्रश ग्वाशमध्ये वाया जातात. फ्लॅट ब्रशची सवय मुद्दाम लावून घ्या. राउंडने माणूस रेषा काढत बसतो, फ्लॅटने पॅच टाकायला शिकतो.

आधी पेन्सिलने काढून घ्यावं का?

घ्यावं, पण हलक्या हाताने. उजळ भागाखाली गर्द ग्रॅफाइट राहिलं तर ते ओल्या पांढऱ्यात मिसळून त्याला करडं करतं. मेणाच्या पांढऱ्या पेन्सिलीनेही रेखाटू नका, मेणावर रंग बसत नाही. कागदापेक्षा जेमतेम गडद अशी एखादी रंगीत पेन्सिल सगळ्यात सोयीची. काही जण थेट पातळ बर्न्ट अंबरने ब्रशनेच रेखाटतात. हात बसला की तोच मार्ग सगळ्यात झटपट.

सुरुवात कुठून करायची? गडदापासून की उजळापासून?

एक साधा विषय घेऊ: राखाडी पान, खिडकीजवळ ठेवलेला पांढरा मग, उजेड डावीकडून.

आधी डोळे किलकिले करून बघा. मगची उजवी बाजू, म्हणजे सावलीतली, पांढरी आहे असं मन सांगत असतं. डोळे बारीक केले की ती जवळजवळ तुमच्या कागदाइतकीच राखाडी दिसते. तिथेच पानाचा निर्णय होतो: मगची सावलीची बाजू म्हणजे कागद. तिथे ब्रश लावायचा नाही.

आता गडद भाग. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरचं पातळसर मिश्रण करून मगच्या आतली काळोखी चंद्रकोर, कानाच्या आतली पोकळी आणि मग जिथे टेबलाला टेकतो तिथली बारीक गडद रेघ भरा. पडलेली सावली त्याच मिश्रणात आणखी पाणी घालून, मगपासून दूर जाताना फिकी करत न्या. त्यानंतर मगच्या डाव्या कडेमागे पार्श्वभूमीचा एक गडद पट्टा टाका. पांढरा रंग अजून उघडलेलाही नाही आणि तरी मग उजळ दिसायला लागलेला असतो. हा पट्टा बहुतेक जण विसरतात आणि नंतर पांढऱ्याचे थरावर थर देत बसतात.

हे वाळलं की उजेड. पांढऱ्यात यलो ऑकरचा कण आणि पॅलेटवरच्या गडद मिश्रणाचा पुसटसा अंश मिसळा. रंग मलईइतका घट्ट हवा. फ्लॅट ब्रशने डावी बाजू दोन फटकाऱ्यांत, वरून खाली. जिथे उजेड संपून सावली सुरू होते तिथे ब्रश कापडावर टिपून घ्या आणि अर्धवट कोरड्या ब्रशने कड कागदावर ओढा. कागदाच्या खरबरीत पोतावर रंग तुटक बसतो आणि गोलाई आपोआप येते. उजव्या टोकाला टेबलावरून परावर्तित झालेला मंद उजेड असतो, तो ऑकरमध्ये जरासं पांढरं घालून, कागदापेक्षा किंचितच उजळ ठेवा. सगळ्यात शेवटी, निव्वळ पांढरा रंग थेट ट्यूबमधून घेऊन मगच्या काठावर एकच ठिपका.

म्हणजे क्रम असा की कागदापासून दोन्ही बाजूंना जायचं, आधी गडदाकडे, मग उजळाकडे. निव्वळ पांढरा शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवायचा. तो आधी वापरलात तर चमक दाखवायला हातात काहीच उरत नाही.

मग कागद किती उघडा सोडायचा?

याचं माप नाही. पण सगळं पान झाकून टाकलंत तर टोन्ड कागद घेतला कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारा. नियम म्हणण्यापेक्षा एक कसोटी सांगतो: चित्रातला कागद कुठल्यातरी वस्तूचा रंग म्हणून वाचला गेला पाहिजे. ढगाची सावली, रस्ता, गालाची मधली छटा, काहीही. नुसता ‘रंगवायचा राहिलेला भाग’ म्हणून दिसत असेल तर दोष उघडेपणाचा नाही, आधी न ठरवल्याचा आहे. उघड्या कागदाची जागा चित्रात दोन-तीन ठिकाणी विखुरलेली असली की तो चित्राचाच वाटतो. एकाच कोपऱ्यात साठला तर अर्धवट वाटतो.

पांढरा कोणता घ्यावा?

टायटॅनियम. ट्यूबवर पीडब्ल्यू ६ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असतो. झिंक व्हाइट म्हणजे पीडब्ल्यू ४. तो थोडा पारदर्शक आणि थंड असतो, रंग हळुवार फिके करायला छान, पण टोन्ड कागद झाकायला कमी पडतो. फरक प्रकाश वळवण्याच्या ताकदीचा आहे: टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक अडीचच्या वर, झिंक ऑक्साइडचा २ च्या आसपास, खडूचा १.६ च्या आसपास. डिंकाचा साधारण १.५ असल्यामुळे खडू डिंकात मिसळला की जवळजवळ दिसेनासा होतो, टायटॅनियम मात्र ठामपणे झाकतो. जलरंगाच्या डबीतला ‘चायनीज व्हाइट’ हा झिंकच असतो, तेव्हा त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

पांढरं मिसळलं की सगळं पिठूळ, मेलेलं दिसतं. का?

कारण पांढरा रंग नुसता उजळ करत नाही, तो रंगाची तीव्रता कमी करतो आणि त्याला थंडही करतो. लाल उजळ करायला पांढरा घातला की गुलाबी होतो, उन्हातला लाल होत नाही. त्यासाठी आधी नारिंगीकडे किंवा पिवळ्याकडे जा, मग लागलाच तर पांढरा. हिरवाही पिवळ्यानेच उजळवा. पांढऱ्याकडे वळण्याआधी ‘याहून उजळ दुसरा कुठला रंग पॅलेटवर आहे?’ असं विचारण्याची सवय लागली की निम्मा पिठूळपणा जातो. उरलेला निम्मा सावलीत पांढरा घातल्यामुळे येतो. गडद भागांना पांढऱ्यापासून लांब ठेवा आणि त्यासाठी पाण्याची दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरं रंगात घालायला.

वाळल्यावर रंग बदलतो, त्याला काही उपाय?

बदलतोच. गडद रंग वाळून थोडे उजळतात, कारण ओलेपणाची तकाकी जाऊन पृष्ठभाग मॅट होतो. पांढरं मिसळलेले फिके रंग उलट जरा गडद होऊन वाळतात. म्हणजे दोन्ही टोकं मध्याकडे सरकतात आणि टोन्ड कागद स्वतःच मध्यावर असल्यामुळे चित्र आणखीच सपाट वाटतं. गडद थोडा जास्त गडद आणि उजळ थोडा जास्त उजळ मिसळा.

रंग तपासायचा तो त्याच कागदावर. पांढऱ्या चिटोऱ्यावर जो रंग गडद वाटतो तोच राखाडी पानावर उजळ ठरू शकतो. पांढरी पॅलेटही अशीच फसवते. काचेचा तुकडा घेऊन खाली त्याच स्केचबुकातला कागद ठेवलात तर मिसळतानाच खरी छटा कळते.

वरचा थर लावताना खालचा रंग उठून येतो.

ग्वाश वाळला तरी पाण्याने पुन्हा जागा होतो, हा त्याचा स्वभाव आहे. खालचा थर पूर्ण वाळलेला हवा. हाताच्या मागच्या बाजूला थंड लागला तर आत अजून ओल आहे. वरचा रंग खालच्यापेक्षा घट्ट, ब्रशमध्ये पाणी कमी, आणि एका जागी एकच फटकारा. दुसऱ्यांदा ब्रश फिरवलात की खालचा रंग वर आलाच. काही मॅजेन्टा आणि जांभळे रंग तर कितीही जपलं तरी वरच्या पांढऱ्यातून पाझरतात. त्यांच्यावर उजळ रंग देण्यापेक्षा ती जागा आधीच मोकळी ठेवा.

हाच स्वभाव कामालाही येतो. एखादी कड जास्तच टोकदार झाली तर स्वच्छ ओलसर ब्रश तिच्यावरून एकदा फिरवा, ती विरघळते.

रंगाला तडे जातात, पोपडे पडतात.

थर जाड झालाय. वाळलेला डिंक ठिसूळ असतो आणि स्केचबुकाचं पान सारखं वाकतं. तैलरंगासारखे उंचवटे ग्वाशमध्ये करू नयेत. ट्यूबमध्ये वाळून दगड झालेला रंग पाण्यात कालवून जाड लावला तरी हेच होतं. रंगात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकल्याने लवचीकपणा येतो, पण जास्त झालं तर पान चिकट राहतं.

पॅलेटवर वाळलेला रंग पुन्हा वापरता येतो का?

पातळ वॉशला येतो. घट्ट, झाकणाऱ्या फटकाऱ्याला ताजा रंगच हवा. रंग ओला ठेवायचा तर झाकणाच्या डबीत ओलसर कापड घाला, पण डबी आठवडाभर बंद ठेवलीत तर बुरशी येईल.

टोन्ड कागदावर असं काम पूर्वी कोणी करत होतं का?

भरपूर. व्हेनिसमध्ये निळ्या चिंध्यांपासून बनलेला निळा कागद चित्रकारांचा आवडता होता. ड्यूरर या जर्मन चित्रकाराचे प्रार्थनेसाठी जोडलेले हात, साल १५०८, निळा टोन दिलेल्या कागदावर आहेत. गडद रेषा ब्रशच्या, उजेड पांढऱ्या रंगाचा आणि मधलं सगळं कागदाचं. ते व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. इंग्रज चित्रकार टर्नर १८२७ मध्ये इंग्लंडमधल्या पेटवर्थच्या वाड्यात राहिला तेव्हा त्याने निळ्या कागदाच्या छोट्या तुकड्यांवर शंभराहून जास्त ग्वाश चित्रं केली. खोल्या, दिव्याचा उजेड, बसलेली माणसं. स्केचबुक करणाऱ्याने ती आवर्जून पाहावीत, कारण त्यात घाई आहे आणि नेमकेपणाही आहे.

या मंडळींना आजच्यासारखा पांढरा मात्र मिळत नव्हता. झिंकचा चायनीज व्हाइट बाजारात आला १८३४ मध्ये, टायटॅनियम चित्रकारांच्या हाती पडला १९२० च्या दशकात. त्याआधी खडू किंवा शिसं. शिशाचा पांढरा डिंकात उघडा पडला की हवेतल्या गंधकाच्या वायूंनी काळा पडतो. म्हणून काही जुन्या रेखाटनांत नाकाच्या शेंड्यावरचा उजेड आज काळा ठिपका होऊन बसलेला दिसतो.

वरून रंगीत पेन्सिल किंवा जेल पेन चालेल?

चालेल, छान चालेल. ग्वाशचा मॅट पृष्ठभाग पेन्सिल चांगली धरतो. रंग पूर्ण वाळल्यावरच, आणि शेवटी.

समोरासमोरची पानं एकमेकांवर घासतात. फिक्सेटिव्ह मारू का?

फिक्सेटिव्हने, म्हणजे रंग पक्का धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याने, रंग थोडे गडद होतात, व्हार्निशने तर मॅटपणाच जातो. त्यापेक्षा मध्ये ग्लासीन (पातळ, गुळगुळीत कागद) किंवा बटर पेपर ठेवा आणि वहीला रबर लावून घट्ट बंद करा. पानं एकमेकांवर सरकली नाहीत तर रंगही निघत नाही. गडद भागावर नख किंवा बोट घासलं तर चकाकणारा डाग पडतो, तो जात नाही.

ही चित्रं किती टिकतील?

वही बंद असते, त्यामुळे उजेडाचा त्रास कमी. पण फ्लुओरेसंट गुलाबी आणि अलिझरिनसारखे काही रंग उन्हात झपाट्याने फिके पडतात. ट्यूबवरचं टिकाऊपणाचं चिन्ह बघून घ्या. कागदाचंही तेच. वस्तू गुंडाळायचा तपकिरी कागद स्वस्त आणि दिसायला सुंदर, पण तो आम्लयुक्त असतो आणि काळवंडतो. त्यावर सराव करा, पण ज्या पानाचा जीव लागेल ते आम्लमुक्त कागदावर करा.

अॅक्रिलिक ग्वाश घेतला तर रंग उठण्याची कटकटच नाही ना?

नाही. तो वाळला की पाण्याला दाद देत नाही. पण मऊ कडा करण्याची सोयही नाही, ब्रश लगेच धुवावे लागतात आणि पॅलेटवर वाळलेला रंग फुकट जातो. खालचे थर अॅक्रिलिक ग्वाशचे आणि वरचे साध्या ग्वाशचे, ही जोडी मात्र फार कामाची आहे.

फोटोत कागदाचा रंगच बदलतो. काय करू?

कॅमेरा मातकट कागदाला राखाडी करायला बघतो आणि गडद पानाला उजळवतो. पानाशेजारी शुद्ध पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा, नंतर त्या पट्टीवरून रंग जुळवा आणि पट्टी कापून टाका. उजेड खिडकीचा, पण थेट ऊन नको. स्कॅनर वापरत असाल तर पार्श्वभूमी आपोआप साफ करणारा पर्याय आधी बंद करा, नाहीतर तो तुमचा कागद डाग समजून पुसून टाकतो.